शेजारची जोड आणि अधिकची जोड: पायथनमधील स्ट्रिंगचा घोळ

पायथन या प्रोग्रामिंग भाषेत अवतरणचिन्हांतल्या दोन स्ट्रिंग, म्हणजे मजकुराचे तुकडे, नुसत्या शेजारी-शेजारी लिहिल्या तरी जोडल्या जातात आणि मध्ये अधिकचे चिन्ह (+) घातले तरी उत्तर बहुधा तेच येते, म्हणून या दोन्ही रीती एकच समजल्या जातात. वास्तविक पहिली जोड प्रोग्राम चालण्याआधी, कोड वाचला जातानाच होते आणि ती केवळ थेट लिहिलेल्या स्ट्रिंगना लागू पडते. दुसरी ही रीतसर क्रिया असून ती व्हेरिएबलवरही, म्हणजे नाव देऊन साठवलेल्या स्ट्रिंगवरही, चालते.

शेजारच्या जोडीची खोड लिस्टमध्ये उघडी पडते. ['पुणे', 'नाशिक' 'सातारा', 'सांगली'] असे लिहिताना नाशिकनंतरचा स्वल्पविराम राहून गेला, तर पायथन चकार शब्द न काढता 'नाशिकसातारा' नावाचे नवे शहर वसवतो आणि चारऐवजी तीन नावांची लिस्ट हाती ठेवतो. फंक्शनला द्यायच्या मूल्यांमध्ये (आर्ग्युमेंटमध्ये) हीच चूक झाली, तर निदान संख्या जुळत नसल्याची एरर बहुधा येते. पायथनचे जनक ग्विडो व्हॅन रॉसम यांना २०१३ मध्ये अशीच एरर आली, तरी कारण सापडायला त्यांची काही मिनिटे गेली आणि ही सोय काढून टाकावी का, असा प्रश्न त्यांनी मांडला. त्याआधी २००७ मध्ये, पायथन ३ घडत असताना, पेप ३१२६ या प्रस्तावाने तेच सुचवले होते. पुरेसा पाठिंबा नाही आणि ही सोय तितकी घातकही नाही, असे म्हणून तो फेटाळला गेला.

अधिकचे चिन्ह सक्तीचे करावे, हा उपाय सरळ वाटतो खरा. पण तोही निर्धोक नाही. 'रुपये {} ' 'पैसे {}'.फॉरमॅट(१२, ५०) यात ({} च्या जागी मूल्ये भरणारी फॉरमॅट ही मेथड आणि आकडे येथे देवनागरीत लिहिले आहेत) आधी जोड होते, मग दोन्ही जागा भरतात. मध्ये अधिक घातले, की फॉरमॅट फक्त दुसऱ्या स्ट्रिंगला लागतो, उरलेले ५० मुकाट्याने सोडून दिले जातात आणि 'रुपये {} पैसे १२' असे निघते. कंस घातल्याशिवाय हे सुधारत नाही, म्हणजे सरसकट बदल केल्यास जुन्या कोडमध्ये नव्याच चुका शिरतील.

माझ्या मते बंदी हवी ती लिस्टमध्ये, स्वतंत्र कंस न घालता केलेल्या शेजारच्या जोडीवर. तोवर कोडमधल्या चुका दाखवणारे पायलिंटसारखे तपासनीस आहेत; मात्र वेगवेगळ्या ओळींवरच्या स्ट्रिंगची जोड पायलिंट मुळात तपासत नाही, आणि लांब लिस्टमधला स्वल्पविराम सुटतो तो नेमका ओळीच्या शेवटी, त्यामुळे ती तपासणी सेटिंगमध्ये मुद्दाम चालू करावी लागते.