एलिझाबेथ विल्म्सहर्स्ट यांनी नोकरी का सोडली

इराक युद्धाचा विषय निघाला की बुश-ब्लेअर सगळ्यांना आठवतात, पण ब्रिटनच्या फॉरेन ऑफिसातल्या (म्हणजे परराष्ट्र खात्यातल्या) ज्या वकील बाईंनी हे बेकायदेशीर आहे असं लिहून देऊन नोकरी सोडली त्यांचं नाव फारसं कुणी घेत नाही, म्हणून जरा मागचं सांगतो.

एलिझाबेथ विल्म्सहर्स्ट १९७४ ला फॉरेन ऑफिसात लागल्या. पुढे डेप्युटी लीगल अॅडव्हायझर झाल्या, आंतरराष्ट्रीय फौजदारी कोर्टाच्या वाटाघाटींत ब्रिटनच्या बाजूने होत्या. म्हणजे बाहेरून टीका करणाऱ्या नव्हत्या, सरकारला कायदा सांगणं हेच त्यांचं काम.

नोव्हेंबर २००२ मध्ये सुरक्षा परिषदेने १४४१ नंबरचा ठराव एकमताने केला. त्यात सद्दामला शस्त्रं सोडायची शेवटची संधी होती, हल्ल्याची थेट परवानगी नव्हती, त्यामुळे दुसरा ठराव हवाच असं फॉरेन ऑफिसच्या वकिलांचं म्हणणं. त्यांचे बॉस मायकल वूड यांनीही परराष्ट्रमंत्री जॅक स्ट्रॉंना तेच कळवलं होतं, पण स्ट्रॉंनी तो सल्ला मानला नाही.

अॅटर्नी जनरल, म्हणजे सरकारचे सगळ्यात वरचे कायदा सल्लागार, गोल्डस्मिथ यांचं मत तर बघता बघता बदललं. ७ मार्च २००३ च्या नोटमध्ये दुसरा ठराव घेणं जास्त सेफ असं होतं, आणि १७ मार्चला संसदेत सरळ युद्ध कायदेशीर आहे असं उत्तर. दुसऱ्याच दिवशी विल्म्सहर्स्ट यांनी राजीनाम्याचं पत्र लिहिलं, एवढ्या मोठ्या प्रमाणावर बेकायदेशीर बळ वापरणं म्हणजे आक्रमणाचा गुन्हा, असं स्वतःच्याच सरकारबद्दल त्यांनी त्यात मांडलंय, आणि शेवटी अतिशय दुःखाने जातेय एवढंच. दोन दिवसांनी हल्ला सुरू झाला.

पत्र २००५ मध्ये माहिती अधिकारात बाहेर आलं तेव्हा एक भाग काळा केलेला होता. तो नंतर ब्रिटनच्या चॅनल ४ या टीव्ही वाहिनीने दाखवला, आणि त्यात नेमकं हेच होतं की ऑफिसचा सल्ला पहिल्यापासून असाच होता, ७ मार्चच्या आधी गोल्डस्मिथ यांचंही मत तेच असल्याचं आम्हाला समजत होतं. मला हा काळा केलेला भागच सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण त्या एकट्या पडल्या होत्या हा समज तिथेच खोटा ठरतो.

जानेवारी २०१० ला चिलकॉट चौकशीत, म्हणजे ब्रिटनच्या इराक युद्धातल्या सहभागाच्या अधिकृत चौकशीत, त्यांची साक्ष झाली. स्ट्रॉ स्वतः वकील आहेत, त्याने फरक पडला का, असं विचारलं तर म्हणाल्या, ते आंतरराष्ट्रीय कायद्याचे वकील नाहीत. साक्ष संपल्यावर बसलेल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या.