हवा, वजन आणि हार्ट: २३ का २५, हा घोळ आला कुठनं

धुरानं फुफ्फुसंच नाही तर हार्टही जातं हे आता बऱ्याच जणांना माहितीय, वजन जास्त असेल तर धोका वाढतो हेही डॉक्टर सांगतात. पण 'जास्त वजन' म्हणजे नक्की किती, म्हणजे बीएमआय (किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग) २३ का २५, हे ज्या निर्णयानं ठरलं त्याबद्दल कुणी बोलत नाही, आणि मला विचाराल तर आपल्या सांगली-मिरजेकडच्या माणसासाठी महत्त्वाचं तेच आहे.

जुनं थोडक्यात. १९५२ च्या लंडनच्या धुरक्यानंतर सगळ्यांचं लक्ष छातीच्या आजाराकडंच होतं. १९९३ ला अमेरिकेतल्या सहा शहरांचा अभ्यास आला, बारीक कण जास्त तिथं मृत्यू जास्त, आणि त्यात हार्टचेही बरेच. तेव्हा वजन म्हणजे नुसता हिशोबातनं बाजूला काढायचा आकडा होता. ते पुढं आलं २००७ मध्ये, पाळी गेलेल्या ६५,८९३ अमेरिकन बायकांच्या अभ्यासात. पीएम २.५, म्हणजे अडीच मायक्रॉनपर्यंतचे बारीक कण, घनमीटरभर हवेत १० मायक्रोग्रॅमनं वाढले की हार्ट अटॅक, स्ट्रोक वगैरेचा धोका २४ टक्के जास्त, आणि वजन किंवा कमरेचा घेर मोठा असलेल्या बायकांत हे नातं अजून घट्ट. नंतरच्या सगळ्याच अभ्यासांत ते इतकं स्पष्ट दिसलं नाही हेही खरं. पण कारण पटण्यासारखं आहे: पोटातली चरबी आधीच शरीरात सूज धरून बसलेली असते, बारीक कण फुफ्फुसात गेले की तीच सूज भडकते, रक्त गुठळ्या धरायला लागतं, बीपी वर जातं. २००९ मध्ये तेलकट खाणं दिलेल्या उंदरांना असे कण हुंगवले तर पोटाच्या चरबीत सूज वाढली आणि इन्सुलिन नीट काम करेना.

आता मुख्य मुद्दा. २००२ साली सिंगापूरला जागतिक पातळीवरचे तज्ज्ञ बसले, विषय एकच, बीएमआय २५ ला जास्त वजन ही जगाची रेघ आशियातल्या लोकांना लागू करायची का. आकडे समोर होते, आपल्याकडं शुगर आणि हार्टचा धोका बराच आधी सुरू होतो, कुठं २२ ला, कुठं २५ ला. म्हणजे २५ ची रेघ खाली आणायला पुरेसं कारण होतं. पण देशादेशांत एक आकडा जमेना म्हणून जगाची रेघ २५ (जास्त वजन) आणि ३० (लठ्ठपणा) वरच ठेवली, आणि २३ व २७.५ हे 'लक्ष द्यायचे' आकडे म्हणून शेजारी जोडले. २००४ ला हे छापून आलं. शास्त्राच्या शिस्तीत ते बसतं, मान्य, पण व्यवहारात दोन तक्ते झाले. १६५ सेंटिमीटर उंचीचा ६५ किलोचा माणूस घ्या, बीएमआय येतो साधारण २३.९. एका तक्त्यात तो नॉर्मल, दुसऱ्यात जास्त वजनाचा. २००९ मध्ये भारतातल्या डॉक्टरांनी २३ ला जास्त वजन आणि २५ लाच लठ्ठपणा असं ठरवलं, तरी कित्येक ठिकाणी भिंतीवरचा तक्ता जुनाच असतो.

त्याच २००४ मध्ये पुण्याच्या एका डॉक्टरांनी स्वतःचा आणि एका इंग्रज सहकाऱ्याचा फोटो छापला होता, दोघांचा बीएमआय २२.३, पण चरबी इंग्रजाची ९.१ टक्के आणि पुण्याच्या डॉक्टरांची २१.२ टक्के. आपल्याकडची मुलं जन्मतःच वजनानं कमी पण चरबी राखून असतात हेही पुण्याजवळच्या गावांत दिसलं होतं. म्हणजे हातपाय वाळके आणि पोट पुढं असा माणूस नुसत्या वजनकाट्यावर सुटून जातो, आणि आपल्या तालमीतला पैलवान अंगभर स्नायू असून त्याच हिशोबात लठ्ठ ठरतो. बीएमआयवर गट पाडून हवेचा अभ्यास केला तर हा पोट सुटलेला सडपातळ माणूस 'बारीक' गटात जाऊन बसतो, मग बारीक माणसाला धुराचं काही नाही असं दिसलं तरी त्यावर मी तरी विश्वास ठेवणार नाही.

म्हणून टेप हवी. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून, कपडा वर करून. पुरुषाला ९०, बाईला ८० सेंटिमीटरच्या वर गेलं की सावध. २०२५ च्या भारतीय व्याख्येत बीएमआय २३ च्या वर असला की कंबरही बघायला सांगितलंय.

हवेच्या बाजूलाही असाच घोळ आहे. २०१९ ला देशाचा स्वच्छ हवा कार्यक्रम सुरू झाला, त्यात हवेच्या मानकात न बसणाऱ्या शहरांत सांगली आहे, साताऱ्याचं नाव नाही. कामगिरी मोजतात पीएम १० वर, म्हणजे दहा मायक्रॉनपर्यंतच्या कणांवर, त्यामुळं बराच पैसा रस्त्याच्या धुळीवर जातो. पण नोव्हेंबरपासून गळीत हंगामात फड पेटवून जळीत ऊस तोडला जातो, तोडणी झाली की खोडव्यासाठी पाचट पेटवतात, वाळत घातलेल्या कपड्यांवर काळी काजळी पडते. ती दिसते म्हणून आपण झटकतो, धुरातले बहुतेक कण मात्र पीएम २.५ च्या आतले असतात, आणि थंडीत सकाळी हवा खाली दाबलेली असताना ते नदीकाठच्या गावांवरच बसून राहतात, नेमके लोक फिरायला निघतात त्या वेळी.