पोटखराब्यावरचा वारा

गेल्या महिन्यात आतेभावाचा फोन आला. त्याचं गाव खटाव तालुक्यातलं, दरवर्षी पावसाकडे डोळे लावून बसणारं. गावामागच्या डोंगरावर पवनचक्क्या उभारायचा प्रस्ताव आलाय आणि त्यासाठी ग्रामसभा ठरली आहे. बाकी काही न विचारता त्यानं एकच विचारलं, "दादा, पवनचक्कीनं पाऊस पळतो का? निम्मं गाव म्हणतंय, आहे तोसुद्धा जाईल."

मी "नाही" म्हटलं आणि फोन ठेवला. पण ग्रामसभेत उभं राहून बोलणाऱ्याला नुसतं "नाही" पुरत नाही, कारण सांगावं लागतं. म्हणून हे जरा सविस्तर.

ही समजूत सातारा, सांगली, धुळे या भागांत चांगलीच मुरलेली आहे. पाटण तालुक्यातल्या वनकुसवडे पठारावर आणि साताऱ्याजवळ चाळकेवाडीला १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून पवनचक्क्यांच्या रांगा उभ्या राहिल्या. थोड्याच वर्षांत, २००३ मध्ये, माण, खटाव, आटपाडी, जत या भागात भीषण दुष्काळ पडला. डोंगरावर नवे पंखे, खाली करपलेली शेतं. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली. पण १९७२ च्या दुष्काळात या डोंगरांवर एकही पवनचक्की नव्हती. आणि २००५ व २०१९ मध्ये कृष्णेला महापूर आले, तेव्हा याच पठारांवर शेकडो पवनचक्क्या फिरत होत्या. खटाव-माण कोरडा आहे तो सह्याद्रीमुळे. अरबी समुद्रावरून आलेला वारा घाट चढताना थंड होतो, महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस टाकतो, आणि पूर्वेला उतरताना तापून कोरडा होतो. शाळेच्या भूगोलात आपण त्यालाच पर्जन्यछाया म्हणतो.

तरीही गावकऱ्यांना अडाणी म्हणणं मला मान्य नाही. त्यांच्या डोळ्यांपुढचं चित्र साधं आहे: घरातला पंखा वारा घालतो, मग डोंगरावरचा एवढा मोठा पंखा ढग ढकलणारच. चूक आहे ती फक्त दिशेची. घरातला पंखा वीज खातो आणि वारा देतो. पवनचक्की वारा खाते आणि वीज देते. तिच्या मागे वारा जोरात जात नाही, मंदावतो. तो नेमका किती मंदावतो, हा मला पदार्थविज्ञानातला अतिशय देखणा प्रश्न वाटतो. त्यावर थोडा वेळ थांबू.

पात्यांनी कापलेल्या वर्तुळाचा व्यास १२० मीटर धरा. वारा सेकंदाला ८ मीटर वेगानं वाहतोय. तेवढ्या मोकळ्या वर्तुळातून दर सेकंदाला जवळजवळ शंभर टन हवा जाते. हवेला वजन नसतं असं ज्यांना वाटतं त्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा. या शंभर टनांची सगळी गतिज ऊर्जा काढून घेतली तर? मग हवा पात्यांमागे जागच्या जागी उभी राहील, मागून येणाऱ्या हवेला वाट उरणार नाही आणि ती वर्तुळाला वळसा घालून निघून जाईल. टोलनाक्यावर प्रत्येक गाडीला तासभर अडवलं तर पुढच्या गाड्या दुसरा रस्ता धरतात आणि नाक्याचा गल्ला रिकामा राहतो, तसंच हे. उलट, कुणाला अडवलंच नाही तरी गल्ला रिकामाच. सर्वांत जास्त मिळकत या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी आहे.

नेमकी कुठे, ते जर्मनीत गटिंगनला काम करणाऱ्या आल्बर्ट बेट्झ यांनी १९२० मध्ये मांडलं. सर्वाधिक ऊर्जा मिळते ती मागे जाणाऱ्या वाऱ्याचा वेग मूळच्या एक तृतीयांश उरतो तेव्हा. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गावर ठरते, त्यामुळे वेग एक तृतीयांश झाला की ऊर्जा एक नवमांश उरते आणि आठ नवमांश आपल्या हाती येते. पण ही ऊर्जा पात्यांतून गेलेल्या हवेची. पात्यांपाशी वाऱ्याचा वेग हा पुढच्या आणि मागच्या वेगांची सरासरी असतो, म्हणजे मूळच्या दोन तृतीयांश. त्यामुळे हवाही दोन तृतीयांशच आत येते, उरलेली बाजूनं निघून जाते. आता आठ नवमांशाला दोन तृतीयांशानं गुणा: सोळा सत्तावीसांश, म्हणजे ५९.३ टक्के. यात पात्यांचा आकार नाही, धातू नाही, कंपनी नाही. मोकळ्या वाऱ्यातलं कुठलंही यंत्र ही मर्यादा ओलांडू शकत नाही. आजच्या चांगल्या पवनचक्क्या चाळीस ते पन्नास टक्क्यांपर्यंत पोचतात. तेव्हा "ऐंशी टक्के क्षमतेची, बिनपात्याची, छतावर बसणारी पवनचक्की" असा व्हिडिओ कुणी पाठवला आणि ग्रामपंचायतीनं ती घ्यावी असं सुचवलं, तर त्याला आधी सोळा भागिले सत्तावीस करायला सांगा.

तीनच सडपातळ पाती एवढ्या मोठ्या वर्तुळाला कशी पुरतात, हेही यातच आहे. पात्यावर विमानाच्या पंखासारखाच उद्धारक बल काम करतो. वारा पात्याला नुसता ढकलत नाही, पात्याच्या दोन्ही बाजूंना दाबाचा फरक पडतो आणि त्या फरकानं ते ओढलं जातं. मिनिटाला दहा फेऱ्या खालून संथ वाटतात, पण १२० मीटरच्या चक्राचं टोक त्या वेळी ताशी सव्वादोनशे किलोमीटर वेगानं धावत असतं. एक पातं पुढे गेलं की दोन सेकंदांत दुसरं तिथे हजर. जास्त पाती लावली तर ती एकमेकांनी विस्कटलेल्या हवेत फिरतील.

मागे राहिलेला मंद, घुसळलेला वारा ही पवनचक्कीची सावली. आजूबाजूच्या आणि वरच्या हवेत मिसळत ती हळूहळू पुसली जाते. म्हणून दोन यंत्रांमध्ये चक्राच्या व्यासाच्या पाचसात पट अंतर सोडतात. डेन्मार्कजवळच्या समुद्रात हॉर्न्स रेव्ह नावाचा ८० पवनचक्क्यांचा प्रकल्प आहे. १२ फेब्रुवारी २००८ रोजी तिथे काढलेल्या एका छायाचित्रात या सावल्या डोळ्यांना दिसतात: प्रत्येक यंत्रामागे धुक्याचा एक लांब पट्टा. हवा बाष्पानं तुडुंब होती आणि घुसळण होताच तिच्यातून धुकं बाहेर पडलं. पवनचक्कीनं ढगांचं काही केल्याचा माझ्या माहितीतला हा सर्वांत ठळक पुरावा, आणि त्यात ढग पळालेला नाही, तयार झालेला आहे.

आता पावसाची ताकद पाहा. एक चौरस किलोमीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दहा लाख लिटर पाणी. तेवढ्या बाष्पाचं पाणी होताना वातावरणात जी उष्णता सुटते ती साधारण सात लाख युनिट भरते. आपल्या डोंगरांवरची दोन मेगावॅटची पवनचक्की सरासरी पाव क्षमतेनं चालली तर वर्षाला ४४ लाख युनिट देते. म्हणजे एका चौरस किलोमीटरवरच्या एका मिलिमीटरसाठी तिला दोन महिने राबावं लागेल. हजार चौरस किलोमीटरच्या तालुक्यावर वीस मिलिमीटरची एक दमदार सर पडली, तर तिच्यामागची उष्णता तीन हजारांहून अधिक पवनचक्क्यांच्या वर्षभराच्या विजेएवढी होते. गावाच्या डोंगरावरच्या पंधरावीस यंत्रांनी त्या ढगाला अडवायचं म्हणजे मुंगीनं रेल्वे रोखण्यासारखं आहे.

पवनचक्क्यांचे काहीच परिणाम नसतात, असं मात्र मी म्हणणार नाही. अमेरिकेत टेक्सासमधल्या मोठ्या प्रकल्पांवर रात्री जमीन किंचित जास्त उबदार राहते, हे उपग्रहांच्या नोंदींत दिसलं आहे, कारण यंत्रं वरची कोमट हवा खाली आणून मिसळतात. आणि आपल्या चाळकेवाडीच्याच पठारावर बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या संशोधकांनी केलेलं काम २०१८ मध्ये प्रसिद्ध झालं. जिथे पवनचक्क्या आहेत तिथे शिकारी पक्षी सुमारे चौपट कमी आणि त्यामुळे गळ्याखाली रंगीत पंखा उघडणारे सरडे जास्त, असं त्यांना आढळलं. पठाराची अन्नसाखळी हलते. ग्रामसभेत पाऊस पळण्याची भीती बाजूला ठेवून या गोष्टीवर बोलायला हवं. घार आणि ससाणे कमी झाले तर उंदीर वाढतील का, हा शेतकऱ्याचा प्रश्न आहे आणि तो खरा आहे.

त्याहूनही मोठा प्रश्न पैशाचा. त्याचं उत्तरही वाऱ्याच्या गणितातच आहे.

वाऱ्यातली शक्ती वेगाच्या घनावर ठरते. वेग दुप्पट झाला तर वेगाच्या वर्गानुसार ऊर्जा चौपट, आणि त्याच वेळी दर सेकंदाला येणारी हवाही दुप्पट, म्हणून आठपट. खाली शिवारात ७ मीटरचा वारा असेल आणि डोंगराच्या सोंडेवर ८ मीटरचा, तर फरक एकाचा दिसतो. पण ७ चा घन ३४३ आणि ८ चा ५१२. म्हणजे दीडपट वीज. आता सातबारा काढा. डोंगराच्या माथ्यावरची ती जमीन तिथे पोटखराबा म्हणून लागलेली असते. कातळ, कुसळं, पिकाला निरुपयोगी. महाराष्ट्रात पवनचक्क्यांची पहिली लाट आली तेव्हा एजंटांनी अनेक ठिकाणी अशा जमिनी अगदी किरकोळ भावात घेतल्या. "तसंही तिथे काय पिकतंय?" हा त्यांचा प्रश्न ऐकून लोकांनी सह्या केल्या. तिथे वारा पिकत होता. जिरायत-बागायतीच्या मापानं त्या जमिनीचा भाव ठरवणं हाच मुळात अन्याय होता. घनाच्या नियमानुसार ती गावातली सर्वांत मोलाची जमीन असू शकते.

म्हणून मी भावाला सांगितलं, एकदाच पैसे घेऊन खरेदीखत करू नका. भाडेपट्टा करा, आणि भाडं विकल्या गेलेल्या युनिटशी बांधून घ्या, म्हणजे वारा चांगला सुटला की गावालाही मिळेल. शिवाय एका यंत्राच्या सावलीमुळे शेजारच्या पाचसहा शेतांत दुसरं यंत्र बसू शकत नाही. त्या शेतकऱ्यांचा वारा वापरला जातो आणि हाती काही येत नाही. डेन्मार्कमध्ये २००९ पासून काही वर्षं असा कायदा होता की नव्या प्रकल्पाचे किमान वीस टक्के शेअर साडेचार किलोमीटरच्या आत राहणाऱ्यांना आधी देऊ करायचे. स्कॉटलंडमध्ये सरकारी शिफारस आहे ती दर मेगावॅटमागे वर्षाला पाच हजार पौंड आसपासच्या वस्त्यांच्या निधीत टाकण्याची. आपल्याकडे ग्रामपंचायतीचा कर, साठ मीटरची पाती वर नेण्यासाठी बांधलेला रुंद रस्ता, रखवालदाराच्या आणि आयटीआय झालेल्या पोरांच्या मोजक्या नोकऱ्या एवढं मिळतं. ते चांगलंच आहे, पण यंत्र वीस-पंचवीस वर्षं फिरणार असतं.

"मग गावाला वीज फुकट मिळेल ना?" हा भावाचा दुसरा प्रश्न. तशी मिळत नाही. यंत्रातली वीज साधारण ६९० व्होल्टची असते. पायथ्याशीच ती ३३ हजार व्होल्टपर्यंत चढवून सबस्टेशनला नेतात आणि तिथून ती राज्याच्या जाळ्यात मिसळते. गावाचं भारनियमन गावाच्या फीडरवर ठरतं, डोंगरावर काय फिरतंय त्यावर नाही. पण हेच जाळं गावाच्या उपयोगीही येऊ शकतं. तमिळनाडूत कोइम्बतूर जिल्ह्यात ओडनतुरै नावाची ग्रामपंचायत आहे. तिनं २००६ मध्ये स्वतःच ३५० किलोवॅटची पवनचक्की विकत घेतली. किंमत १ कोटी ५५ लाख, त्यातले ४० लाख पंचायतीच्या बचतीतून, बाकी बँकेचं कर्ज. यंत्र गावात बसवलेलंच नाही, ते शंभरेक किलोमीटरवर, जिथे वारा आहे तिथे उभं आहे. वीज जाळ्यात जाते, पंचायतीच्या पाण्याच्या मोटारी आणि रस्त्यावरचे दिवे त्यातून वळते होतात, आणि वर उरलेले युनिट वीज मंडळाला विकले जातात. बिल भरणारी पंचायत वीज विकणारी झाली.

शेवटी भावाला एक विचारलं: वारा मोजलाय का कुणी? सरासरी वेग विचारून भागत नाही. निम्मा वेळ ४ आणि निम्मा वेळ १२ मीटरचा वारा असेल तर सरासरी ८ येते आणि ८ चा घन ५१२. पण ४ चा घन ६४ आणि १२ चा १७२८, त्यांची सरासरी ८९६. सरासरी तीच, आणि शक्ती पावणेदोनपट. आपल्याकडे तर वर्षातली बहुतेक वीज जून ते सप्टेंबरच्या वाऱ्यात होते, त्यामुळे हा फरक फारच मोठा. म्हणून प्रकल्पाआधी किमान वर्षभर दर दहा मिनिटांची नोंद ठेवतात.

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "डोंगरावर एक बारीक मनोरा दीड वर्षापासून उभा आहे. तारांनी ताणलेला. वर तीन वाट्या गरगर फिरत असतात. आम्हाला वाटलं मोबाईलच्या रेंजसाठी असेल."

मी म्हटलं, ग्रामसभेत पहिल्यांदा त्या मनोऱ्याच्या नोंदी माग.