मांडवातला झेंडू, स्टेजवरचं ऑर्किड

सध्याच्या लग्नांत सजावटीची दोन टोकं एकाच दिवसात दिसतात. सकाळी हळदीला झेंडूच्या माळांची भिंत, संध्याकाळी स्वागतसमारंभाला फिकट गुलाबी आणि पांढऱ्या फुलांचा बॅकड्रॉप. पहिली सजावट पारंपरिक, दुसरी मॉडर्न, असं डेकोरेटरच्या अल्बममध्ये सरळ लिहिलेलं असतं. फुलांचा इतिहास मात्र ही वाटणी मान्य करत नाही. झेंडू मूळचा मेक्सिकोचा आणि निशिगंधही तिथलाच. दोन्ही सोळाव्या शतकापासून युरोपीय जहाजांच्या वाटेने इकडे आले. शेवंती चीनकडची. कालिदासाच्या ‘रघुवंशा’त इंदुमती स्वयंवराला येते तेव्हा तिच्या हातातली माळ मोहाच्या फुलांची आहे, मध्ये दूर्वा गुंफलेल्या. आज मोहाची वरमाला मागितली तर हारवाला भलताच अर्थ काढेल!

खऱ्या अर्थाने इथली म्हणावी अशी फुलं म्हणजे मोगरा, बकुळ, सोनचाफा, अबोली, सुरंगी. कोकणात आणि गोव्यात लग्नाच्या वेणीत अबोलीला मान आहे. तिला वास नाही, पण ती लवकर कोमेजत नाही, म्हणून दिवसभर चालणाऱ्या कार्यात ती शोभते. वळेसार, म्हणजे फुलांची गुंफलेली वेणी, करताना केळीच्या सोपटाचा ओला धागा वापरतात. तो मऊ असतो आणि नाजूक देठांना ओलावा देत राहतो. बारीक नायलॉनचा दोरा आवळला की देठ कापतो आणि वेणी विधी संपायच्या आत गळायला लागते. सुरंगीचा हंगाम उन्हाळ्याच्या तोंडाशी, तोही थोडाच. त्यामुळे मार्गशीर्षातल्या लग्नाला सुरंगीचा हट्ट धरून उपयोग नसतो.

मोगऱ्याचंही तेच. त्याचा भर उन्हाळ्यात असतो, तर आपले बरेचसे मुहूर्त तुळशीच्या लग्नानंतर सुरू होतात. डिसेंबरात मोगऱ्याचा भाव चढतो आणि गजऱ्यात कागडा येतो. दिसायला पांढराशुभ्र, वास जवळपास नाही. गजरा ‘मोगऱ्याचा’ म्हणून दिला असेल तर नाकाजवळ धरून बघावा.

मुंबईत हारांचा धंदा वाढला तो रेल्वेमुळे. वसईचा सोनचाफा आणि मोगरा पहाटेच्या लोकलने दादरच्या फूलबाजारात पोचू लागला. कळी पहाटे खुडायची, सकाळी ओवायची आणि संध्याकाळी ती माणसांच्या अंगावर उमलायची, हे गणित गाडीच्या वेळेवर बसलं. शहरी लग्नातला गुलछडीचा जाडजूड हारही याच बाजाराच्या जोरावर रूढ झाला. त्याला लागतो एकेरी पाकळीचा निशिगंध. दुहेरी पाकळीचा छडीसकट फुलदाणीत जातो. एकेरीच्या कळ्या सुट्या मिळतात, वजनाला हलक्या असतात आणि वासही त्यांनाच जास्त.

मुंडावळ्या फुलांच्याही बांधत. होमाचा धूर, घाम आणि अक्षतांचा मारा यांत फुलांच्या मुंडावळ्या दुपारपर्यंत काळवंडतात. मोत्यांच्या टिकतात आणि नंतर जपूनही ठेवता येतात. मोत्यांनी बाजी मारली यात नवल नाही.

1990 नंतर पुणे जिल्ह्यात पॉलिहाउसं उभी राहिली. तळेगाव दाभाड्याला तर एमआयडीसीचं पुष्पोद्यानच झालं. जरबेरा, कार्नेशन आणि लांब दांड्याचा डच गुलाब वर्षभर मिळू लागला, तेव्हा मंगल कार्यालयांतली थर्माकोलची अक्षरं आणि कमानी मागे पडायला लागल्या. राज्याने 2018 मध्ये थर्माकोलवर निर्बंध आणले. 1 जुलै 2022 पासून सजावटीचं थर्माकोल देशभर बंद झालं. डिसेंबर 2017 मधल्या विराट कोहली आणि अनुष्का शर्मा यांच्या इटलीतल्या लग्नाचे फोटो घरोघरी पोचले आणि फिकट रंगांची मागणी आपल्या हॉलांतही वाढली. पुढे एप्रिल 2021 मध्ये कोरोनामुळे राज्यात लग्नाला 25 माणसं आणि दोन तास एवढीच मुभा होती. सगळा मांडव सजवण्यात अर्थ उरला नाही आणि खर्च कॅमेऱ्यासमोरच्या एका भिंतीवर आला. माणसांची मर्यादा गेली, भिंत राहिली.

या भिंतीत ओल्या स्पंजमध्ये फुलं खोचलेली असतात. स्पंजची वीट 1954 पासून अमेरिकेत विकली जाऊ लागली. तिच्या वापरात हमखास एक चूक होते. वीट हाताने पाण्यात दाबतात. मग वरून ओली दिसते, पण आत हवेचा कोरडा गोळा राहतो आणि त्यात टोचलेलं फूल दोन तासांत मान टाकतं. पाण्यावर नुसती सोडली तर ती मिनिटभरात आपली आपण बुडते. एकदा खोचलेलं फूल मागे ओढू नये, कारण दांड्याखाली पोकळी राहते आणि पाणी मिळत नाही.

दुसरी अडचण सगळी फुलं एकाच खोलीत ठेवण्याची. गुलाब, कार्नेशन थंडीत खूश असतात. थायलंडहून येणारं डेंड्रोबियम ऑर्किड आणि अँथुरियम 10 अंशांखाली गेले की डागाळतात. मे महिन्यात आंब्याच्या पेट्यांशेजारी कार्नेशन ठेवलं तर पिकत्या फळातून सुटणाऱ्या इथिलीनने पाकळ्या आत मिटतात आणि पुन्हा उघडत नाहीत. जरबेऱ्याचा दांडा आतून पोकळ आणि लवदार, म्हणून त्याला तीन-चार बोटं पाणी पुरे. खोल पाण्यात तो लवकर कुजतो.

झेंडूचा हिशेब सोपा आहे. मध्यम आकाराची 8 ते 10 फुलं एका फुटाला लागतात, म्हणजे किलोभरात साधारण 12 ते 15 फुटांची माळ. दिवाळी उलटली की भाव बहुधा उतरतो. मात्र माळांवर रात्री पाणी मारून त्या प्लास्टिकच्या पिशवीत बांधल्या, तर पाकळ्यांच्या आत उष्णता साचून सकाळपर्यंत गाभा काळा पडतो. कोरड्या माळा सुती कापडात, सैल ठेवाव्यात. अक्षतांऐवजी पाकळ्या उधळायच्या असतील तर मूठभर म्हणजे 10 ग्रॅम धरावेत, 200 जणांना दोन किलो. झेंडूच्या पाकळ्या ओल्या असतील तर पांढऱ्या कपड्यांवर पिवळा डाग धरतात. गुलाबाच्या पाकळ्या फरशीवर चिरडल्या की पाय घसरतो. दोन्ही कोरड्याच द्याव्यात.

2022 च्या बंदीच्या यादीत थर्माकोल आहे, प्लास्टिकची फुलं नाहीत, आणि फूलउत्पादकांचा राग आहे तो यावरच. एकदा घेतलेली प्लास्टिकची भिंत डेकोरेटर हंगामभर भाड्याने फिरवतो, तर ताजी एकाच संध्याकाळी संपते. हल्ली बऱ्याच ठिकाणी मिश्र काम होतं. डोळ्यांच्या उंचीपर्यंत, जिथे हात आणि नाक पोचतं, तिथे खरी फुलं आणि त्याच्या वर सगळं नकली. फोटोत फरक कळत नाही. म्हणून दरपत्रकात नुसतं ‘फुलांचा बॅकड्रॉप’ असेल, तर किती चौरस फूट ताजं आणि कोणत्या जातीच्या किती जुड्या, हे लिहून घ्यावं.