म्युनिकचा दाखला

म्युनिकचा दाखला : एखाद्या चालू आंतरराष्ट्रीय पेचप्रसंगाची तुलना सप्टेंबर १९३८ मधील म्युनिक कराराशी करून, आक्रमकाशी तडजोड केल्याने युद्ध टळत नाही, फक्त लांबते आणि अधिक भयंकर होऊन येते, असा निष्कर्ष काढण्याची रीत. वर्तमान राजकारण इतिहासाच्या आधाराने समजून घेताना पुढारी, मुत्सद्दी आणि अग्रलेखकार असे दाखले नेहमीच देतात. परराष्ट्र धोरणात यातला सर्वांत जास्त वापरला गेलेला, आणि बहुधा सर्वांत महागात पडलेला, दाखला हाच.

मूळ घटना थोडक्यात अशी. पहिल्या महायुद्धानंतर जन्मलेल्या चेकोस्लोव्हाकियाच्या डोंगराळ सीमापट्ट्यात, म्हणजे सुदेटनलँडमध्ये, सुमारे ३० लाख जर्मन भाषक राहत होते. मार्च १९३८ मध्ये ऑस्ट्रिया घशात घातल्यावर हिटलरने या पट्ट्यावर हक्क सांगितला. चेकोस्लोव्हाकियाच्या मदतीला जायला फ्रान्स कराराने बांधलेला होता, पण ब्रिटनशिवाय लढायची त्याची तयारी नव्हती. ब्रिटनचे पंतप्रधान नेव्हिल चेंबरलेन यांना तर काही झाले तरी युद्ध नको होते. पंधरवड्यात त्यांनी जर्मनीच्या तीन खेपा केल्या. २९ सप्टेंबरला म्युनिकमध्ये चेंबरलेन, फ्रान्सचे पंतप्रधान दालादिए, हिटलर आणि इटलीचा हुकूमशहा मुसोलिनी एकत्र बसले आणि मध्यरात्र उलटून गेल्यावर सुदेटनलँड जर्मनीला देऊन टाकणाऱ्या करारावर सह्या झाल्या.

ज्यांचा मुलूख तोडला जात होता, त्यांना बैठकीत जागाच नव्हती. दोन चेक प्रतिनिधी हॉटेलात ताटकळत बसले होते. सगळे ठरल्यावर त्यांना बोलावून कराराची प्रत हाती दिली गेली. त्यांपैकी एकाने मागे ठेवलेल्या अहवालात, हे सांगणे चालू असताना चेंबरलेन न लपवता जांभया देत होते, अशी नोंद आहे. लंडनला उतरल्यावर याच चेंबरलेन यांचे लोकांनी जल्लोषात स्वागत केले. ब्रिटिश संसदेने सरकारच्या धोरणाला ३६६ विरुद्ध १४४ मतांनी पाठिंबा दिला. पुढे १५ मार्च १९३९ रोजी जर्मन फौजा प्रागमध्ये शिरल्या आणि सप्टेंबरात महायुद्ध पेटले. जवाहरलाल नेहरू ऑगस्ट १९३८ मध्ये प्रागला जाऊन आले होते. चेंबरलेन यांच्या धोरणावर त्यांनी तेव्हाच, म्हणजे परिणाम दिसण्याआधीच, कडक टीका केली होती.

महायुद्धानंतर या प्रसंगाचा धडा झाला. जून १९५० मध्ये उत्तर कोरियाने दक्षिणेवर चढाई केल्याची खबर अमेरिकेचे अध्यक्ष हॅरी ट्रुमन यांना मिझुरीतल्या घरी मिळाली. वॉशिंग्टनला परतताना विमानात आपल्या मनात मांचुरिया, इथिओपिया आणि ऑस्ट्रिया (१९३० च्या दशकात अनुक्रमे जपान, इटली आणि जर्मनीने गिळलेले प्रदेश) हीच उदाहरणे येत होती, असे त्यांनी आठवणींत लिहिले आहे. सहा वर्षांनी इजिप्तच्या नासर यांनी सुएझ कालव्याचे राष्ट्रीयीकरण केले, तेव्हा ब्रिटनचे पंतप्रधान अँथनी ईडन यांना त्यांच्यात मुसोलिनी दिसला. याला कारणही होते. मुसोलिनीशी बोलणी करण्याच्या वादातूनच ईडन यांनी फेब्रुवारी १९३८ मध्ये चेंबरलेन यांच्या मंत्रिमंडळातून राजीनामा दिला होता. आपण तेव्हा बरोबर ठरलो, ही खात्री त्यांना नडली. स्वतःच्या देशातून जाणारा कालवा ताब्यात घेणारा नासर आणि शेजाऱ्याचा प्रदेश गिळणारा हिटलर यांत फरक करायला ते तयार नव्हते. ब्रिटन, फ्रान्स आणि इस्राएलने इजिप्तवर हल्ला केला, अमेरिकेने डोळे वटारल्यावर माघार घेतली आणि जानेवारी १९५७ मध्ये ईडन यांना पद सोडावे लागले.

सोव्हिएत संघाने क्युबात क्षेपणास्त्रे आणून ठेवल्याने उद्भवलेल्या पेचप्रसंगात हा दाखला कसा चालतो, हे जवळून पाहता येते, कारण त्या वेळच्या बैठका ध्वनिमुद्रित झालेल्या आहेत. १९ ऑक्टोबर १९६२ रोजी हवाई दलप्रमुख कर्टिस लमे यांनी अध्यक्ष केनेडींना तोंडावर सांगितले की, नुसती नाकेबंदी म्हणजे जवळपास म्युनिकइतकीच वाईट शरणागती. हा घाव वर्मी बसणारा होता. केनेडींचे वडील १९३८ मध्ये लंडनमध्ये अमेरिकेचे राजदूत होते आणि चेंबरलेन यांच्या धोरणाचे उघड समर्थक होते. तरीही केनेडींनी हल्ला टाळून नाकेबंदीच पत्करली. सोव्हिएत क्षेपणास्त्रे क्युबातून हलली, त्या बदल्यात अमेरिकेनेही तुर्कस्तानातली आपली ज्युपिटर क्षेपणास्त्रे काढून घेण्याचे कबूल केले. मात्र ही देवघेव लोकांपासून वर्षानुवर्षे लपवून ठेवण्यात आली. जगाला अणुयुद्धापासून वाचवणारी तडजोड उघडपणे सांगायची सोय नव्हती, आणि त्यामुळे पुढच्या पिढीने या प्रसंगातून ‘ताठ राहिले की समोरचा नमतो’ एवढेच उचलले. म्युनिकच्या छायेचा याहून बोलका पुरावा सापडणे कठीण.

व्हिएतनाममध्ये या धड्याची किंमत मोजावी लागली. २८ जुलै १९६५ रोजी तिथले अमेरिकी सैन्य ७५ हजारांवरून सव्वा लाखावर नेण्याची घोषणा करताना अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी हिटलर आणि म्युनिकचे नाव घेतले. परराष्ट्र खात्यातले जॉर्ज बॉल हे, इथे लागू पडतो तो १९५४ मध्ये व्हिएतनाममधल्याच दिएन बिएन फू येथे झालेल्या फ्रेंचांच्या पराभवाचा दाखला, असे सांगत होते. त्यांचे कोणी ऐकले नाही. १९९० मध्ये इराकच्या सद्दाम हुसेन यांनी कुवेत गिळल्यावर अमेरिकेचे अध्यक्ष थोरले बुश यांनी पुन्हा १९३० च्या दशकाकडे बोट दाखवले. त्या वेळी निदान एका सार्वभौम देशावर उघड आक्रमण झालेले होते, त्यामुळे तुलना बऱ्याच अंशी जुळत होती.

खुद्द १९३८ बद्दलही इतिहासकारांत एकमत नाही. त्या वर्षी ब्रिटनच्या हवाई दलात स्पिटफायर विमाने नुकती कुठे दाखल होऊ लागली होती. ब्रिटिश साम्राज्यातल्या स्वायत्त वसाहतींची (डोमिनियन) सरकारे लढायला नाखूश होती. मिळालेले वर्ष ब्रिटनच्या पथ्यावर पडले, असे काही जण मानतात. उलट बाजूचे म्हणणे असे की, ते वर्ष जर्मनीलाही मिळालेच. शिवाय डोंगरातली चेक तटबंदी आणि पाठोपाठ स्कोडाचा शस्त्रकारखाना हिटलरच्या हाती आयता पडला. दाखला देणाऱ्यांच्या भाषणात हा वाद कधी येत नाही. मराठीत निवडणूक हरणाऱ्या प्रत्येक पक्षाचे ‘पानिपत’ होते, तेव्हाही १७६१ च्या मोहिमेत अन्नधान्याची नाकेबंदी कशी झाली, हे कोण विचारतो?

भारताच्या राजकारणात हीच जागा १९६२ च्या चीन युद्धाने घेतली आहे. महाराष्ट्रात त्या पराभवाची आठवण यशवंतराव चव्हाणांच्या दिल्लीला जाण्याशी, ‘हिमालयाच्या हाकेला सह्याद्री धावला’ या ओळीशी जोडलेली आहे. २०१७ मध्ये डोकलाम येथे दोन्ही सैन्ये समोरासमोर उभी असताना चिनी लष्कराच्या प्रवक्त्याने भारताने इतिहासातून धडा घ्यावा असे सुनावले. तेव्हाचे संरक्षणमंत्री अरुण जेटली यांनी, २०१७ चा भारत १९६२ चा नाही, असे प्रत्युत्तर दिले. दाखला नाकारण्याचाही एक मार्ग असतो, तो असा.

हार्वर्डमधील अर्नेस्ट मे आणि रिचर्ड न्यूस्टाट यांनी अधिकाऱ्यांना शिकवताना एक साधी पद्धत घालून दिली : कागदावर दोन रकाने आखून एकात साम्ये आणि दुसऱ्यात भेद लिहायचे, आणि हे काम निर्णयाच्या आधी करायचे. ‘आधी’ हाच यातला कळीचा भाग आहे, कारण वर दिलेल्या बऱ्याच प्रसंगांत निर्णय मनाशी अगोदर झालेला होता आणि इतिहास नंतर साक्षीला बोलावला गेला.

युक्रेनच्या संघर्षातल्या दोन्ही पक्षांनी म्युनिक वापरले. पुतिन यांनी डिसेंबर २०१९ मध्ये शेजारी राष्ट्रप्रमुखांच्या बैठकीत जुनी कागदपत्रे वाचून दाखवली आणि महायुद्धाचे खापर पाश्चात्त्यांच्या म्युनिक करारावर आणि त्याच वेळी चेकोस्लोव्हाकियाचा टेशेन भाग बळकावणाऱ्या पोलंडवर फोडले. फेब्रुवारी २०२२ मध्ये, आक्रमणाच्या पाच दिवस आधी, युक्रेनचे अध्यक्ष झेलेन्स्की म्युनिकच्याच सुरक्षा परिषदेत युरोपला त्याच्या अनुनयाच्या, म्हणजे आक्रमकाला चुचकारण्याच्या, धोरणाबद्दल जाब विचारत होते.

चेक लोकांच्या आठवणीतला म्युनिक मात्र वेगळा आहे. हुकूमशहापुढे झुकू नये हा लंडन-वॉशिंग्टनचा धडा. प्रागमध्ये बोलले जाते ते ‘आमच्याबद्दल, आमच्याविना’ असे. युक्रेनला वगळून युक्रेनचा निर्णय नको, हा कीव्हचा आग्रह याच्याशी जास्त जुळतो. सप्टेंबर १९३८ मध्ये लामबंदी करून दहा लाखांहून अधिक सैन्य उभे केलेले असताना अध्यक्ष बेनेश यांनी एकट्याने लढायला हवे होते का, यावर तिथे आजही वाद घातला जातो. पश्चिम जर्मनी आणि चेकोस्लोव्हाकिया यांनी हा करार रद्दबातल असल्याचे परस्परांत मान्य केले ते डिसेंबर १९७३ मध्ये.