सूडपट

सूडपट : लहानपणी सोसलेला अन्याय किंवा डोळ्यांदेखत झालेली हत्या, त्या आठवणीच्या छायेत गेलेली वाढीची वर्षे आणि अखेरीस गुन्हेगाराशी समोरासमोर गाठ, अशा रचनेचा गुन्हेपट. नागपूर-विदर्भातल्या बोलण्यात याला सरळ ‘बदल्याचा पिक्चर’ म्हणतात. मोठेपणी झालेल्या अपमानाचा बदला घेणारे चित्रपटही सैलपणे याच नावाखाली येतात, पण दोन्हींत मूलभूत फरक आहे. प्रौढ माणसाला अन्यायाच्या क्षणी काही करता येण्याची निदान शक्यता असते. मुलाला ती नसते. त्या वेळी आपण लपलो, पळालो किंवा गप्प राहिलो, ही टोचणी नायकाला शत्रूवरच्या रागाइतकीच छळते. चांगला सूडपट त्या टोचणीचा हिशेब मांडतो. सामान्य सूडपट फक्त शत्रूंची संख्या कमी करत जातो.

उगम : हिंदीतील या साच्याचा आरंभ सहसा १९७३ मध्ये धरला जातो. त्या वर्षी मे महिन्यात ‘जंजीर’ आला आणि वर्षअखेरीच्या सुमारास ‘यादों की बारात’. दोन्हींचे लेखक सलीम-जावेद आणि दोन्हींत खलनायक अजित. ‘जंजीर’मधला मुलगा दिवाळीच्या रात्री कपाटात दडून आईवडिलांची हत्या पाहतो. मारेकऱ्याचा चेहरा त्याला दिसत नाही, दिसते ती मनगटातली साखळी आणि तिला लटकलेला घोडा. ‘यादों की बारात’मध्ये खूण बुटांची आहे : एका पायात आठ नंबरचा, दुसऱ्यात नऊ नंबरचा.

हा साचा आला कुठून, याविषयी मतभेद आहेत. एक मत इटालियन वेस्टर्नपटांकडे बोट दाखवते. जुलिओ पेत्रोनी यांच्या १९६७ च्या ‘डेथ राइड्स अ हॉर्स’मध्ये मुलगा कुटुंबाची कत्तल पाहतो आणि त्याच्या लक्षात राहतात त्या खुणा : गोंदण, कानातले, कवटीचे पदक. पंधरा वर्षांनी तो त्यांवरूनच माणसे शोधतो. वाटेत त्याला साथ देणारा प्रौढ सोबतीही त्या रात्री तिथे होता, हे पुढे उघड होते. म्हणजे आघात, मैत्री आणि सूड ही तिन्ही अंगे येथे आधीच एकत्र आलेली आहेत. १९६८ च्या ‘वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट’मध्ये हेच काम माउथ ऑर्गन करतो, आणि त्यामागची बालपणीची घटना थेट शेवटच्या द्वंद्वात उलगडते.

दुसरे मत देशी परंपरेचे आहे. भट्टनारायणाचे ‘वेणीसंहार’ (साधारणपणे सातव्या-आठव्या शतकातील, नेमका काळ वादग्रस्त) हे सूडाचेच नाटक आहे. द्रौपदीचे मोकळे केस ही अपमानाची डोळ्यांना दिसणारी खूण, आणि दुर्योधनाच्या रक्ताने माखलेल्या हातांनी भीमाने वेणी घालणे हा तिचा शेवट. तिसऱ्या अंकात पित्याच्या वधाने पेटलेला अश्वत्थामा येतो. ओळख पटवणारी वस्तू, म्हणजे अभिज्ञान, ही तर संस्कृत नाटकाची जुनी युक्ती. शाकुंतलातली अंगठी शाळकरी मुलांनाही माहीत असते. हिंदी पडद्यावरही १९५७ च्या ‘मदर इंडिया’त नायिकेचा मुलगा बिरजू याच्या मनात सावकाराविषयीचा डंख बालपणीच रुजतो आणि आईच्या बांगड्यांभोवती तो फिरत राहतो. तिथे मात्र सूड घेणाऱ्या मुलाला आईच गोळी घालते.

केवळ साम्यावरून उसनवारी सिद्ध होत नाही. प्रस्तुत नोंदीत दुसऱ्या मताकडे झुकता कल ठेवला आहे, पण एका दुरुस्तीसह. जखम, प्रतिज्ञा आणि कुटुंबाचे ऋण येथलेच आहे. आठवणीचा तुकडा कॅमेऱ्याने अगदी जवळून, चेहरा वगळून दाखवण्याची रीत मात्र पाश्चात्त्य पटांच्या संगतीने पक्की झाली असावी. प्रतिज्ञा रंगमंचावर मोठ्याने उच्चारता येते, मनगटातली साखळी शेवटच्या रांगेतल्या प्रेक्षकाला दिसत नाही.

ओळखखूण : या प्रकारात पटकथेची सर्वाधिक मेहनत येथे लागते. खूण तीन कसोट्यांवर उतरावी लागते. ती मुलाच्या उंचीवरून दिसली पाहिजे, पंधरा-वीस वर्षे टिकणारी हवी आणि लपवताही आली पाहिजे. शर्टाचा रंग टिकत नाही. चेहऱ्यावरचा व्रण टिकतो, पण लपत नाही, मग नायक वीस वर्षे काय करत होता असा प्रश्न उभा राहतो. अंगठी, गोंदण, तुटलेले बोट, लंगडी चाल, शिट्टीची धून या खुणा म्हणूनच पुन्हा पुन्हा येतात. आवाजाची खूण सर्वांत टिकाऊ ठरते, कारण मूल डोळे मिटू शकते, कान मिटू शकत नाही.

मुलाचे वय सहसा आठ ते बारा असते. साधारण तीन वर्षांच्या आधीचे प्रसंग मोठेपणी आठवत नाहीत, त्यामुळे फार लहान मूल घेतले की कथेचा पायाच डळमळतो. भीतीच्या क्षणी हत्यारासारखी मध्यवर्ती गोष्ट लक्ष खेचून घेते आणि आजूबाजूचे तपशील पुसट होतात. सुरा स्पष्ट, माणूस धूसर, असे दृश्य म्हणून पटते. उलट सगळी खोली, सगळे चेहरे आणि भिंतीवरचे कॅलेंडर लख्ख आठवणारा नायक खोटा वाटतो. आठवण प्रत्येक वेळी त्याच चित्रफितीने दाखवणे ही नेहमीची चूक आहे. दुसऱ्या-तिसऱ्या वेळी तिच्यात एखादा तपशील बदलला, तर प्रेक्षकही आठवणीवर शंका घेऊ लागतो.

मैत्री : मित्र तीन प्रकारचे आढळतात : त्याच जखमेचा वाटेकरी, कायद्याच्या बाजूला गेलेला आणि त्या दिवशी गप्प राहिलेला. पहिल्या प्रकाराची ठळक उदाहरणे अमेरिकी आहेत. बॅरी लेव्हिन्सन यांच्या ‘स्लीपर्स’मध्ये (१९९६) सुधारगृहात अत्याचार सोसलेले चार मित्र मोठेपणी त्याचा हिशेब करतात. ज्या पुस्तकावर तो बेतला आहे ते सत्यकथा असल्याचा लेखकाचा दावा होता. संबंधित सरकारी यंत्रणांनी तो नाकारला आणि तो नकार चित्रपटाच्या अखेरीस पाटीवरही आला. क्लिंट ईस्टवूड यांच्या ‘मिस्टिक रिव्हर’मध्ये (२००३) ओल्या सिमेंटवर नावे कोरणाऱ्या तीन मुलांपैकी एकाला गाडीत बसवून नेले जाते. त्याचे नाव अर्धवटच राहते.

नागपूरच्या पार्श्वभूमीवर लिहिताना मैत्रीचे माप संबोधनातून घेता येते, आणि या सोयीचा उपयोग व्हायला हवा. येथली पोट्टी (पोरे) एकमेकांना ‘बे’ म्हणतात : ‘काय बे’, ‘चाल बे’. हा ‘बे’ बरोबरीच्यांतला आहे, वडीलधाऱ्यांशी तो चालत नाही. वीस वर्षांनी भेटलेल्या मित्राने ‘बसा ना’ म्हटले की दोघांमध्ये काय तुटले ते निराळे सांगावे लागत नाही. त्यातल्या एकाच्या तोंडून नकळत ‘बे’ निसटला, तर ते दृश्य मिठीपेक्षा वरचे होते. पुण्या-मुंबईच्या बोलीत लिहून मग वरून ‘बे’ पेरले की कानाला लगेच खटकते.

चित्रीकरण : अडीच तासांच्या पटात बालपणाचा भाग साधारणपणे दहा ते पंधरा मिनिटांचा असतो. आधी मोठा नट ठरवावा, मग मूल शोधावे. नाकडोळ्यांच्या साम्यापेक्षा कान, भुवया, चाल आणि कामाचा हात कोणता, यांवर प्रेक्षकाचा विश्वास बसतो. डावखुरे मूल आणि उजव्या हाताने सुरा धरणारा नायक ही वारंवार दिसणारी गफलत आहे. संकलनात चित्र आडवे उलटवले की कपाळावरचा व्रण डावीकडून उजवीकडे जातो, हीदेखील.

लपून पाहणाऱ्या मुलाचे दृश्य त्याच्या डोळ्यांच्या पातळीवरून घ्यावे लागते. नऊ-दहा वर्षांचे मूल उभे असेल तर ही पातळी जमिनीपासून साधारण सव्वा मीटर, उकिडवे असेल तर त्याहून बरीच खाली येते. कॅमेरा मोठ्या माणसाच्या उंचीवर राहिला की ती आठवण कोणाचीच राहत नाही. मुलाचा चेहरा आणि हिंसा वेगवेगळ्या दिवशी चित्रित करावीत. मुलाला समोर भिंतीवर लावलेल्या रंगीत चिकटपट्टीकडे पाहायला सांगतात, ‘श्वास धर, आता सोड’ एवढ्याच सूचना देतात, आणि हत्या नंतर जोडतात. खरोखर घाबरवून अभिनय काढून घेणे अनैतिक तर आहेच, शिवाय कुचकामीही आहे, कारण घाबरलेले मूल दुसऱ्या टेकला उभेच राहत नाही.

रक्तासाठी पाव लिटर दाट साखरेचा पाक, दोन चहाचे चमचे लाल खाद्यरंग आणि अर्धा चमचा कोको पावडर पुरते. कोको कमी पडला तर पांढऱ्या सदऱ्यावर रक्त गुलाबी दिसते. नागपूरच्या मे महिन्यात, पारा पंचेचाळीसच्या आसपास असताना, या पाकावर तासाभरात मुंग्या आणि माश्या जमतात, म्हणून थोडे थोडे करून थंड ठेवावे. याच दिवसांत सकाळी दहानंतरचा डोक्यावरचा प्रकाश डोळ्यांखाली काळे खड्डे पाडतो. बाहेरची दृश्ये सकाळी सहा ते दहा आणि सायंकाळी साडेचारनंतर उरकतात. घरातल्या दृश्यांत खरी अडचण कूलरची. खिडकीतल्या त्या लोखंडी पेटीची घरघर थेट ध्वनिमुद्रणात प्रत्येक वाक्याखाली बसते, आणि तो बंद केला की पाच मिनिटांत नटांचा मेकअप वाहू लागतो. उपाय एकच : टेकपुरता बंद, लगेच चालू, आणि कूलरचा एक मिनिटभराचा आवाज वेगळा मुद्रित करून नंतर सर्व तुकड्यांखाली सारखा पसरणे.

काळाचा हिशेब कागदावर मांडून ठेवावा. घटना १९९४ ची आणि मुलगा दहा वर्षांचा असेल, तर २०१२ मध्ये नायक अठ्ठावीसचा. १९९४ च्या नागपुरात वाहनांवर एमएच-३१ पाटी चालते, नंतर आलेली एमएच-४९ नाही. वर्धा मार्गावर मेट्रोचे खांब दिसता कामा नयेत. नागपूर मेट्रो २०१९ मध्ये सुरू झाली. महाल, इतवारीच्या जुन्या गल्ल्या सोयीच्या आहेत, फक्त मोबाइल टॉवर आणि डिश अँटेना चौकटीबाहेर ठेवावे लागतात.

बालकलाकार व कायदा : बालमजुरीविषयक कायद्याच्या २०१६ च्या दुरुस्तीनंतर, २०१७ च्या नियमांप्रमाणे, मुलाकडून दिवसात पाच तासांहून अधिक काम घेता येत नाही आणि विश्रांतीशिवाय तीन तासांहून अधिक नाही. जिल्हा दंडाधिकाऱ्यांची परवानगी आधी लागते. दर पाच मुलांमागे एक जबाबदार व्यक्ती नेमावी लागते, सलग सत्तावीस दिवसांहून जास्त काम नाही, आणि मानधनाचा किमान वीस टक्के भाग राष्ट्रीयीकृत बँकेत मुलाच्या नावे मुदत ठेवीत जातो. वेळापत्रक आखणारे पाच तासांत मेकअप धरायला विसरतात आणि दुपारी काम थांबते. ‘ए’ (फक्त प्रौढांसाठी) प्रमाणपत्र मिळाले तर ते मूल स्वतःचाच चित्रपट चित्रपटगृहात पाहू शकत नाही.

कथेतल्या कायद्यातही चुका होतात. लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण करणारा कायदा, म्हणजे पोक्सो, १४ नोव्हेंबर २०१२ रोजी लागू झाला. तो मुलगा-मुलगी असा भेद करत नाही. त्याआधी घडलेल्या कथेत पोक्सोचा उल्लेख करणारा वकील दाखवता येत नाही. १ जुलै २०२४ पासून घडलेल्या खुनाला जुन्या दंड संहितेचे ‘तीनशे दोन’ लागत नाही, भारतीय न्याय संहितेचे कलम १०३ लागते. लोकांच्या तोंडी मात्र तीनशे दोन अजून काही वर्षे राहील, तेव्हा पात्र कोण आहे ते पाहून आकडा द्यावा. पंधरा वर्षे आखलेल्या सूडाला ‘गंभीर व आकस्मिक प्रक्षोभा’चा बचाव मिळत नाही. मधल्या वेळात राग निवळण्यास अवधी मिळाला होता की नाही, हा मुद्दा सर्वोच्च न्यायालयाने पत्नीच्या प्रियकराला गोळ्या घालणाऱ्या नौदल अधिकाऱ्याच्या, म्हणजे नानावटी प्रकरणात १९६१ मध्ये स्पष्ट केला आहे. न्यायालयातली भावनिक भाषणे या एका प्रश्नाला बगल देऊन लिहिली जातात, आणि त्यामुळेच ती पोकळ वाटतात.

विदर्भ : चित्रपट वितरणाच्या व्यवहारात हा भाग आजही ‘सी.पी. बेरार’ (मध्य प्रांत व वऱ्हाड) या नावाने ओळखला जातो. नागपूर ज्या प्रांताची राजधानी होते तो केव्हाच इतिहासजमा झाला, १ नोव्हेंबर १९५६ ला विदर्भ द्वैभाषिक मुंबई राज्यात आला, पण वितरकांच्या वह्यांतला प्रांत बदलला नाही. सीताबर्डी, सदर आणि पंचशील चौक भागातल्या एकपडदा चित्रपटगृहांचा या प्रकाराच्या प्रेक्षकवर्गात मोठा वाटा होता. पंचशील चौकाला तर नावच टॉकीजवरून पडले.

प्रत्यक्ष नागपुरातील घटनेवरून आलेल्या चित्रपटांत २०२१ चा ‘२०० हल्ला हो’ येतो. ऑगस्ट २००४ मध्ये वस्तीतल्या स्त्रियांनी एका गुंडाला जिल्हा न्यायालयाच्या आवारातच ठार केले, त्या प्रकरणावर तो बेतला आहे. तिथे सूड एकट्या नायकाचा नाही, संपूर्ण वस्तीचा आहे, त्यामुळे वर वर्णिलेल्या साच्यात तो पूर्णतः बसत नाही.

पूर्व विदर्भातील झाडीपट्टी रंगभूमीवर, धानकापणीनंतर सुरू होणाऱ्या हंगामात, वडसा (देसाईगंज) येथील कंपन्या गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदियाच्या गावांत रात्रभर नाटके करतात. कौटुंबिक अन्यायाचे आणि त्याच्या फेडीचे विषय तेथे प्रेक्षकप्रिय आहेत. रंगमंचावर कट नसतो. मुलाचा मोठा माणूस करायचा तर दिवे घालवून पुन्हा लावण्याइतकाच अवकाश मिळतो, आणि तेवढ्यात नव्या नटाच्या अंगावर जुनी ओळखखूण चढवावी लागते.