जीविताचा हक्क आणि सरकारची जबाबदारी

सरकारने कुणाचा नाहक जीव घ्यायचा नाही एवढंच जीविताच्या हक्कात येतं असं बऱ्याच जणांना वाटतं, पण धोका माहीत असताना हातावर हात ठेवून बसायचं नाही हेही सरकारवर तितकंच बंधनकारक आहे. युरोपीय मानवी हक्क कराराचं कलम 2 आणि नागरी व राजकीय हक्कांच्या आंतरराष्ट्रीय कराराचं कलम 6 यांतून ही जबाबदारी येते, दुसऱ्या करारात भारत 1979 पासून आहे.

यातली सगळ्यात बोलकी केस इस्तंबूलच्या उम्रानिये भागातली. तिथे पालिकेच्या कचरा डेपोला लागूनच झोपडपट्टी होती. 1991 मध्ये तज्ज्ञांनी लेखी रिपोर्ट दिला की कचऱ्यात मिथेन साठतोय, स्फोट होऊ शकतो, तरी दोन वर्षं काही झालं नाही आणि 28 एप्रिल 1993 ला स्फोट होऊन कचऱ्याचा डोंगर घरांवर कोसळला, 39 माणसं गेली. दोन महापौर दोषी ठरले, पण फक्त कामात हलगर्जी केली म्हणून, माणसं मेली त्याबद्दल नाही, आणि दंड जेमतेम 10 युरोच्या आसपास, तोही स्थगित! वाचून चीड येते. घरं बेकायदेशीर होती हा सरकारचा बचाव युरोपियन मानवी हक्क कोर्टाने 2004 मध्ये मानला नाही. गॅस बाहेर काढायची सोय वेळेत केली असती तर परिणाम झाला असता आणि त्याला फार खर्चही नव्हता असं कोर्ट म्हणालं. जीव वाचवले नाहीत म्हणून कलम 2 मोडलं आणि नंतर मृत्यूंचा जाब नीट विचारला नाही म्हणून परत तेच कलम मोडलं.

अर्थात प्रत्येक मृत्यू सरकारच्या माथी मारता येत नाही. कुणाकडून जीवाला धोका असेल तर पोलिसांनी कुठवर जबाबदार धरायचं याची कसोटी ब्रिटनविरुद्धच्या 1998 च्या केसमध्ये ठरली: धोका खरा आणि तातडीचा होता का, तो माहीत होता किंवा माहीत असायला हवा होता का, आणि हातात होतं तेवढं तरी केलं का.

आपल्याकडे घटनेचं कलम 21 आहे. मुंबईतल्या एन्काउंटरवरून पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज विरुद्ध महाराष्ट्र सरकार या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने 2014 मध्ये 16 सूचना दिल्या, त्यात एफआयआर नोंदवायचा, तपास सीआयडीने किंवा दुसऱ्या पोलीस स्टेशनच्या टीमने करायचा आणि मॅजिस्ट्रेटची चौकशी व्हायलाच हवी हे आहे.